विजेचा छोटा हत्ती : घेण्याआधी हिशेब करा



गट कार्यालयात लागणीची नोंद द्यायला आलेले सभासद हल्ली हमखास विचारतात, "साहेब, विजेवरचा छोटा हत्ती घ्यावा का? तेलाचा खर्चच नाही म्हणतात." पाच-सहा लाखांच्या कर्जाचा हा प्रश्न आहे, म्हणून चार गोष्टी येथे मांडतो.

टाटांचा 'एस' हा छोटा ट्रक २००५ साली आला. त्यालाच आपण छोटा हत्ती म्हणतो. जून २०२५ मध्ये 'एस प्रो' निघाला. तेव्हा शोरूमचा सुरुवातीचा भाव पेट्रोलवर ३ लाख ९९ हजार, विजेवर ६ लाख ५० हजार होता. दोन्हींत माल ७५० किलोच.

ऊस वाहतुकीसाठी ही गाडी नव्हे, हे आधी डोक्यातून काढावे. आपली बैलगाडीसुद्धा दीड-दोन टन आणते! एकरभर लागणीचे अडीच टन बेणे न्यायचे तरी चार खेपा होतील. खताची पोती, रोपांचे ट्रे, दूध, भाजीपाला यांना मात्र ती सोयीची.

आता तेलाचा हिशेब. परभणीचे पेट्रोल राज्यातल्या महागड्यांत मोडते. मे २०२१ मध्येच ते शंभरी ओलांडून गेले होते. लिटरला १०५ रुपये व १८ किलोमीटर धरले तर १०० किलोमीटरला सुमारे ५८० रुपये लागतात. विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटची. कंपनी एका चार्जिंगला १५५ किलोमीटर सांगते, पण भरल्या मालाने आणि आपल्या पाणंद रस्त्याने मी १०० च धरतो. गळतीसह १६ युनिट, दहा रुपयांनी १६० रुपये. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये वीस पैसे वाचले.

वाचले खरे, पण गाडीला अडीच लाख जादा मोजले ना? ते फिटायला ६० हजार किलोमीटर पळावे लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, विजेच्या गाडीवर तो आधीपासूनच ५ होता. तेव्हा फरक थोडा वाढलाच. मानवतहून रोज परभणीला माल नेणारा जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर करतो. त्याची जादा रक्कम तीन वर्षांत निघेल. आठवड्यातून दोनदा वीस किलोमीटरवरच्या बाजाराला जाणाऱ्याचे वर्षाला चार हजारच होतात. त्याला पंधरा वर्षे लागतील. व्याज तर मी धरलेच नाही.

"पाहिजे तशी बांधून मिळते" याचाही मोह पडतो. अमेरिकेत 'स्लेट' नावाच्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये असाच साधा ट्रक दाखवला. रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या. बाकी ज्याने त्याने हवे ते जोडून घ्यावे. सरकारी सवलत धरून २० हजार डॉलरच्या आत देऊ म्हणाले. ती सवलत सप्टेंबरअखेर बंद झाली आणि स्वस्ताईचा पायाच निघाला. आपल्याकडेही जाहिरातीतल्या भावात कुठली सवलत धरली आहे ते विचारावे. जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, फळ्या बसवल्या की त्यांचे वजन ७५० किलोतूनच जाते. मूळ बांधणीत फेरफार केला तर आरटीओची मंजुरी लागते, नाहीतर विम्याच्या वेळी भांडण.

चार्जिंग घरच्या मीटरवर करावे. विहिरीवरच्या कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी लावणे नियमात बसत नाही, आणि ती वीज पाळीने येते हे तुम्हांला मी काय सांगू! मीटरचा मंजूर भार व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा खेप करून आल्याबरोबर वायर न जोडता गाडी सावलीत निवू द्यावी.

बॅटरीची वॉरंटी किती वर्षे, किती किलोमीटर आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते की संभाजीनगरला न्यावी लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. महिन्याचे किलोमीटर वहीत मांडून गट कार्यालयात आणल्यास आकडेमोड करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी