दीड लाखांचा वर्ग

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा अभ्यासक्रम इंटरनेटवर जगाला फुकट खुला केला. शिकवायला प्रा. अनंत अगरवाल. नावे नोंदवली १,५४,७६३ जणांनी. पहिल्या गृहपाठाला हात घातला २६,३४९ जणांनी आणि प्रमाणपत्रापर्यंत पोचले ७,१५७. शंभरातले जेमतेम पाच! पण एवढे विद्यार्थी एका वर्गखोलीतून बाहेर पडायला कित्येक वर्षे लागली असती, हेही विसरून चालणार नाही.

पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या ३४० जणांत मंगोलियातील उलानबातरचा १५ वर्षांचा एक मुलगा होता. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. त्याची गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गळतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: त्याचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी शाळेतल्या मुलांकडून हा अभ्यासक्रम करून घेतला, प्रत्यक्ष प्रयोगांचे साहित्यही शाळेत आले. पडद्याच्या अलीकडे कोणीतरी शिक्षक उभा होता.

तेव्हा प्रमाणपत्रही विनामूल्य होते. आता अनेक ठिकाणी व्हिडिओ फुकट, प्रमाणपत्राला मात्र पैसे पडतात.