रिकाम्या खोलीतला गोवर

समजा, शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात, एका अंगणवाडीत सकाळी एक पोरगं खोकलं. अंगात तापही होता, म्हणून ताईंनी त्याला घरी पाठवलं आणि दार ओढून घेतलं. तासाभरानं दुसरी पोरं आत आली. पहिलं पोरगं तिथे नाही, त्याच्या खेळण्याला कुणी हातही लावला नाही. तरी त्यांतल्या एखाद्याला गोवर होऊ शकतो!

कसा काय? गोवराचा विषाणू खोकल्या-शिंकेबरोबर बाहेर पडतो आणि बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत तरंगत राहतो. हात साबणानं धुता येतात हो, श्वास कसा धुणार? आजूबाजूला कुणीच लस घेतलेली नसेल, तर गोवराचं एक मूल 12 ते 18 जणांना तो देऊ शकतं. 2022 साली मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला, तेव्हा लहान मुलांना लशीचा जादा डोस द्यावा लागला होता.

त्यातून हा महालबाड. आधी ताप, खोकला, गळणारं नाक, लाल डोळे. घरच्यांना वाटतं, सर्दीच झाली. पुरळ मागाहून येतं, आधी कानामागे आणि चेहऱ्यावर, मग अंगभर. पण तो इतरांना लागायला सुरुवात होते पुरळाच्या चार दिवस आधीपासून! ताईंना कळेपर्यंत खिचडीच्या चार पंगती उठलेल्या असतात. म्हणून आजारी मुलाला घरी ठेवणं गरजेचं असलं, तरी तेवढ्यानं भागत नाही. खरा पहारा लशीचा.

या लशीची गोष्टही भारी आहे. 1954 साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवर आला. डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याकडून घेतलेल्या नमुन्यातून शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून त्याला दुबळा केला. 1963 मध्ये लस आली. आपल्याकडे टोचतात त्या लशीतला विषाणूही त्याच वंशाचा!

लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना विचारून या लशीच्या कुपीच्या टोपणावरचा गोल नीट बघा. त्यात एक छोटा चौकोन असतो. लशीला उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. गोलाएवढा गडद झाला, की कुपी बाद. शहाद्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा चौकोन फार कामाचा. आत कोरडी पूड असते. पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची.

आता तुमच्या कडेवरचं बाळ. नऊ महिन्यांआधी त्याला सहसा ही लस देत नाहीत, कारण आईकडून मिळालेली संरक्षक द्रव्यं लशीलाच निकामी करू शकतात. पण तीही हळूहळू ओसरतात. बाळाच्या मोठ्या बहिणीला आणायला तुम्ही बाळासकट अंगणवाडीत जाता ना? तिथल्या मोठ्या पोरांनी लस घेतलेली असेल, तर बाळापर्यंत गोवर पोचायची वाट फारच अरुंद होते.

घरी गेलात की त्या बहिणीचं लसीकरण कार्ड काढा. या लशीचे, म्हणजे गोवर-रुबेलाचे, दोन रकाने शोधा: पहिला 9 ते 12 महिन्यांचा, दुसरा 16 ते 24 महिन्यांचा. एखाद्यात तारीख नसेल, तर आईला दाखवा आणि आशाताईंना सांगा. राहिलेला डोस ती पाच वर्षांची होईपर्यंत घेता येतो.