गुरांमागे विमान

उत्तर ऑस्ट्रेलियात गुरांची काही राने हजारो चौरस किलोमीटरांची असतात. तिथे चुकलेली जनावरे लहान विमानातून शोधता येतात. वळवणे मात्र अवघड! गाईच्या खांद्यामागून जवळ गेले की ती पुढे चालते, समोरून गेले की मागे फिरते. गुराखी हे अंतर पावलापावलाने सांभाळतो; विमानाला थांबताच येत नाही.

सेसना १७२ या चार आसनी विमानाचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटरखाली गेला, की पंखांची उचल अपुरी पडते. वळताना ही मर्यादा वाढते. उंची कायम राखून विमान ६० अंश कलवले, तर उचल वजनाच्या दुप्पट लागते (कोसाइन ६०° = १/२ हे आपण दहावीला शिकवतोच). उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून किमान वेग √२ पट, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटर होतो. वैमानिकाची नजर वासरावर खिळलेली. तो वळण आणखी आवळतो आणि विमान एकदम खाली येते. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. आम्हाला वाटते, हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

म्हणून वळवण्याचे काम बहुधा हेलिकॉप्टरकडे असते, तेही निर्धोक नाहीच. विमान वर राहून रेडिओवरून कळप कुठे आहे ते सांगते.