छायालेखक व्ही. के. मूर्ती

चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक नायकाचे नाव सांगतो, नायिकेचे सांगतो, एखादे गाणे गुणगुणतो, आणि थोडा अधिक चोखंदळ असला तर दिग्दर्शकाचेही नाव घेतो. परंतु जे त्याने तीन तास पाहिले ते कोणाच्या नजरेने पाहिले, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. तसे ते नाव पडद्यावर येऊन जाते. पण त्या वेळी आपण अंधारात आपली खुर्ची चाचपीत असतो.

श्रोतेहो, या पडद्यामागच्या माणसाला मराठीत छायालेखक म्हणतात, आणि हा शब्द मला मोठा मार्मिक वाटतो. पाश्चात्यांच्या शब्दात प्रकाशाने लिहिण्याची कल्पना आहे; आपण मात्र छाया पुढे केली. ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे त्या व्ही. के. मूर्ती यांच्या बाबतीत तरी आपलाच शब्द खरा ठरतो. कोठे उजेड पाडावा हे पुष्कळांना कळते. कोठे तो पडू देऊ नये, हे कळणारे थोडे. मूर्ती त्या थोड्यांपैकी होते.

मूर्तींचा जन्म १९२३ साली म्हैसूरला झाला. चित्रपटाचे वेड लहानपणापासूनच होते. त्यापायी मुंबई गाठण्याचा एक अयशस्वी प्रयत्नही त्यांनी कोवळ्या वयात केला होता. ते व्हायोलिन चांगले वाजवीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही सोसला. पुढे बंगळूरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखनाचे रीतसर शिक्षण घेऊन १९४६ साली त्यांनी पदविका मिळवली. ही गोष्ट नुसती नोंद म्हणून सांगत नाही. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक छायालेखक उमेदवारी करीत, दिवे उचलीत, कॅमेऱ्याच्या पेट्या वाहून नेत तयार होत असत. भिंगाचे गणित आणि फिल्मचे रसायन शाळेत शिकून मग स्टुडिओत येणारा मनुष्य विरळा. मूर्तींनी मात्र दोन्ही केले. पदविका खिशात घालून ते मुंबईस आले आणि फली मिस्त्री यांच्यासारख्या नामांकित छायालेखकाच्या हाताखाली राबले.

१९५१ साली ‘बाजी’ हा चित्रपट तयार होत होता. गुरुदत्त पादुकोण यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. मुख्य छायालेखक व्ही. रात्रा हे होते आणि मूर्ती सहायक. एका गाण्याच्या दृश्यात गुरुदत्तांना कॅमेऱ्याची अशी एक हालचाल हवी होती की जी साधणे अवघड. मूर्तींनी ती करून दाखविण्याची परवानगी मागितली आणि करून दाखविली. दिवसअखेर गुरुदत्त त्यांना म्हणाले की यापुढे माझे छायालेखन तुम्हीच करा. त्यावर मूर्तींनी, चालू चित्रपटाच्या मध्येच मूळ छायालेखकाला दूर करणे बरे नव्हे, पुढच्या चित्रपटापासून पाहू, असे उत्तर दिल्याची हकीकत आहे. पुढचा चित्रपट ‘जाल’, १९५२ सालचा. गोव्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीत त्याची कथा घडते. येथून या जोडीला सुरुवात झाली. कोकणी घरातला, पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये उमेदवारी केलेला दिग्दर्शक आणि म्हैसूरचा छायालेखक; दोघांचाही जन्म कन्नड मुलखातला. ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’, ‘कागज के फूल’, ‘साहिब बीबी और गुलाम’ अशी ही दहा-अकरा वर्षांची वाटचाल आहे.

आता त्यांच्या शैलीकडे वळू. ती समजण्यासाठी कृष्णधवल चित्रणाची एक मूळ अडचण ध्यानात घ्यावी लागते. रंगीत चित्रात लाल साडी आणि हिरवी भिंत आपोआप वेगळ्या दिसतात. कृष्णधवलात दोन्ही करड्या होऊन एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो. म्हणून माणसाला भिंतीपासून सोडविण्याचे काम प्रकाशाला करावे लागते. त्याच्या पाठीमागून एक झोत टाकला की केसांना आणि खांद्यांना उजळ कडा येते आणि आकृती पुढे उभी राहते. ही युक्ती सर्वच स्टुडिओंत चालत असे. पुष्कळांच्या हाती ती इतकी सरसकट झाली की मध्यरात्रीच्या जंगलात हिंडणाऱ्या नायिकेच्या केसांवरही चांदीचे वलय दिसावे! मूर्तींचा निराळेपणा असा की हा पाठीमागचा प्रकाश ते अर्थासाठी वापरीत. १९५७ सालच्या ‘प्यासा’चा शेवट आठवा. जो मेला म्हणून ज्याच्या स्मृतीचा समारंभ चालला आहे तो कवी सभागृहाच्या दारात येऊन उभा राहतो. सभागृह अंधारलेले, प्रकाश येतो तो दारातून, त्याच्या पाठीमागून. चेहरा दिसत नाही, चौकटीला टेकलेले दोन्ही पसरलेले हात तेवढे दिसतात. क्रुसावरच्या ख्रिस्ताची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. तेथे समोरून एखादा दिवा टाकून नटाचा चेहरा दाखविण्याचा मोह व्यवसायातील किती जणांना आवरता आला असता?

चेहऱ्यांच्या बाबतीतही या दोघांनी एक रीत पाडली. सामान्यतः चाळीस किंवा पन्नास मिलिमीटरचे भिंग लावून कॅमेरा जवळ नेत आणि चेहरा टिपीत. गुरुदत्तांना पंचाहत्तर आणि शंभर मिलिमीटरची भिंगे प्रिय होती. अशा भिंगाने कॅमेरा दूर ठेवूनही चेहरा पडदाभर घेता येतो, नाकडोळे बेढब होत नाहीत, आणि मागची सृष्टी धूसर होऊन विरून जाते. फायदा आणखी एक असा की कॅमेरा तोंडाशी आणून उभा न केल्यामुळे नटाचे अवघडलेपण कमी होते. त्याबरोबर छायालेखकाचा त्रास मात्र वाढतो, कारण या भिंगांत स्पष्टतेचा पट्टा अरुंद. नटी अर्धा वीत पुढे सरकली तरी डोळे अस्पष्ट व्हायचे. ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये छोटी बहू प्रथम भेटते तो प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संकोचाने मान खाली घातलेल्या भूतनाथाला आधी गालिच्यावरची तिची पावले दिसतात, आणि मग तो चेहरा.

मूर्तींचे नाव ज्या एका दृश्याने अजरामर केले ते १९५९ सालच्या ‘कागज के फूल’मधले. रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शक आणि त्याची नायिका एकमेकांपासून दूर उभी आहेत. वरून एक प्रखर किरणशलाका तिरपी खाली उतरते, आणि पार्श्वगीत चालू असता दोघांच्या देहांतून त्यांची छायारूपे निघून त्या प्रकाशात एकमेकांकडे जातात. ही शलाका कोणत्याही दिव्याची नव्हती. स्टुडिओतला दिवा कितीही मोठा असला तरी तो जवळ असतो. म्हणून त्याचे किरण पंख्यासारखे फाकत जातात आणि झोताच्या कडा खाली येईतो पसरट होतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. झरोक्यातून माजघरात उतरणारा उन्हाचा कवडसा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची रेखीव, सरळ कड दिव्याला साधत नाही. मूर्तींनी काय केले, तर सूर्यच स्टुडिओत आणला. दोन मोठे आरसे घेतले. एक बाहेर उन्हात ठेवून त्याने ऊन आत वळविले, आणि दुसरा उंचावर, दिवे टांगण्याच्या माचाणावर ठेवून त्याने ते खाली सोडले. सपाट आरशाने किरणांची दिशा बदलते, त्यांचा समांतरपणा बिघडत नाही. सारी खुबी यात आहे.

कल्पना म्हणून हे सोपे वाटेल. पण सूर्य कोणासाठी थांबत नाही. साधारणपणे चार मिनिटांत तो एक अंश सरकतो, आणि पन्नास फुटांवर त्या एका अंशाचे दहा इंच होतात. म्हणजे नटांच्या जागा ठरवून, कॅमेरा सज्ज करून, फिल्म धावू लागेपर्यंत कवडसा हलून गेलेला असायचा. आरसे सतत हलवीत राहावे लागणार. शिवाय हवेत धूळ किंवा धुराचे कण नसतील तर शलाका दिसतच नाही. जमिनीवर नुसता उजेडाचा तुकडा पडतो. इतका खटाटोप केवळ एका किरणासाठी. पण त्या किरणामुळेच, जी दोन माणसे एकमेकांजवळ जाऊ शकत नाहीत त्यांच्यामधले अंतर आपल्याला मोजता येते.

हाच चित्रपट भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. ही पद्धत अमेरिकेत १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाने आली होती. तिच्यात खास भिंगाने दृश्य आडव्या बाजूने निम्मे दाबून फिल्मवर घेतात आणि दाखविताना उलट भिंगाने ते पुन्हा फाकवितात. नेहमीच्या पडद्याची रुंदी उंचीच्या जेमतेम दीडपट. येथे ती सव्वादोनपटीहून अधिक. रोमन फौजा आणि वाळवंटे दाखवायला ही सोय उत्तम. पण दोन माणसांच्या घुसमटीची कथा सांगताना चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या मोकळ्या जागेचे करायचे काय? मूर्तींनी ती जागा काळोखाने भरली. खांब, माचाणे, दूरवर एखादा उजळलेला चौकोन, आणि मध्ये पसरलेला अंधार. माझे मत विचाराल तर या चित्रपटात छायालेखन कथेच्या पुढे गेले आहे. काही ठिकाणी प्रकाश जितका बोलतो तितके पात्रांजवळ बोलण्यासारखे उरलेले नाही. चित्रपट चालला नाही. मूर्तींना मात्र त्यासाठी फिल्मफेअरचे पारितोषिक लाभले. गुरुदत्तांनी यानंतर आपल्या नावाने दिग्दर्शन केले नाही.

त्याच सुमारास कलकत्त्यास सुब्रत मित्र अगदी उलट वाटेने चालले होते, हे येथे सांगितले पाहिजे. १९५६ सालच्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. वरून येणारा, सावली न पाडणारा आकाशाचा उजेड दिव्यांनी कसा आणावा? मित्रांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्यावर सोडले. कापडावरून परतलेला उजेड मवाळ होऊन खाली आला. मित्रांचा प्रयत्न असा की प्रकाश योजलेला आहे हे कोणाच्या लक्षातच येऊ नये. मूर्तींचा प्रकाश हा स्वतः एक पात्र. दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. पुढच्या पिढीने बहुतांशी मित्रांचा मार्ग धरला, हे खरे.

‘साहिब बीबी और गुलाम’ १९६२ सालचा. त्यातील मैफलीच्या नृत्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुख्य नर्तिकेच्या मागे नाचणाऱ्या मुली गुरुदत्तांना पसंत पडल्या नाहीत. दुसऱ्या आणायला सवड नव्हती. तेव्हा त्या सर्वांना अंधारात ठेवा, असे त्यांनी मूर्तींना सांगितले. मूर्तींनी प्रकाश असा अडविला की मुख्य नर्तिका तेवढी उजळलेली राहावी आणि तिच्यामागे फिरणाऱ्या मुलींच्या केवळ काळ्या आकृती दिसाव्यात. झाले असे की अडचणीपोटी केलेली ही योजना त्या कोसळत्या जमीनदारी वाड्याचे चित्रच होऊन बसली: मध्ये झगमगाट आणि भोवती बिनचेहऱ्याची माणसे. या चित्रपटानेही त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले. वय अवघे एकोणचाळीस. मूर्तींचे काम थांबले नाही; प्रमोद चक्रवर्ती यांच्या ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’, ‘जुगनू’ अशा लोकप्रिय चित्रपटांचे छायालेखन त्यांनी केले. कारागिरी चोख. परंतु त्या काळच्या रंगीत फिल्मला उजेड फार लागे, तिच्यातला अंधार गढूळ होई, आणि असल्या चित्रपटांच्या निर्मात्यांना अंधार नकोच असे. ज्याच्या हातचे मुख्य साधनच काढून घेतले त्याने काय करावे? त्या वर्षांतले त्यांचे काम पाहताना मला तरी हळहळ वाटते.

त्यांचा हात पुन्हा दिसला तो १९८८ साली, आणि तोही दूरदर्शनवर. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या त्रेपन्न भागांच्या मालिकेचे छायालेखन त्यांनी केले. आणि गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’साठी निहलानींच्या जोडीने कॅमेरा सांभाळला. हे निहलानी एके काळी मूर्तींचेच सहायक होते. शिष्य दिग्दर्शक झाला आणि गुरू त्याच्या हाताखाली आनंदाने कॅमेऱ्यामागे उभा राहिला, ही गोष्ट आपल्या संगीतातल्या घराण्यांतही सहसा ऐकायला मिळत नाही. १९९३ साली ‘हूवु हण्णु’ हा कन्नड चित्रपट त्यांनी केला. २००८ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना २०१० साली देण्यात आला. निव्वळ छायालेखक म्हणून हा मान मिळविणारे ते पहिलेच. ७ एप्रिल २०१४ रोजी बंगळूर येथे ते निवर्तले.

त्यांचे चित्रपट आज घरोघरी पाहता येतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ‘कागज के फूल’ पाहताना पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतात की नाही, तेवढे बघून घ्यावे. दिसत असल्या तर कुरकुर करू नये; चित्र पूर्ण रुंदीचे आहे याची ती खूण. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचांसाठी सिनेमास्कोप चित्रांच्या दोन्ही बाजू छाटण्याची रीत पडली होती. चित्रपटाच्या अखेरीस म्हातारा दिग्दर्शक आपल्या जुन्या खुर्चीत येऊन बसतो आणि तेथेच प्राण सोडतो. पूर्ण रुंदीत तो माणूस लहानसा दिसतो आणि त्याच्या भोवती सारा रिकामा स्टुडिओ पसरलेला असतो. छाटलेल्या चित्रात मात्र स्टुडिओ नाहीसा होऊन खुर्चीत बसलेला एक म्हातारा तेवढा उरतो.