रसगुल्ल्याला भोकं कुणी पाडली?

पुढच्या वेळी रसगुल्ला समोर आला की तो गट्टम करण्याआधी सुरीने मधोमध कापा. (अगदीच राहवत नसेल तर पहिला खा आणि दुसरा कापा.) आत काय दिसतं? भोकंच भोकं! बारीक, वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली. रसगुल्ल्यात खायचा सोडा नसतो, यीस्टही नसतं. मग एवढी भोकं पाडली कुणी?

याचा छडा लावायला रसगुल्ले घरीच करू. मात्र घरातलं एखादं मोठं माणूस मदतीला पकडा, कारण उकळतं दूध आणि उकळता पाक यांच्याशी एकट्याने खेळायचं नाही. सामान अगदी थोडं: एक लिटर गाईचं दूध, लिंबू, साखर आणि पाणी. दूध गाईचंच बरं. म्हशीच्या दुधाचा छेना (दूध नासवून, पाणी गाळून उरतो तो मऊ गोळा) घट्ट होतो, मग रसगुल्ले चिवट लागतात.

पेढ्यासाठी आपण दूध आटवतो. इथे ते चक्क नासवायचं! दूध उकळलं की गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून चमचा-चमचा दुधात घाला, हलक्या हाताने ढवळत राहा. आता डोळे पातेल्यावरच ठेवा. आधी काहीच होत नाही. मग चमच्याभोवतीचं दूध रवाळ दिसायला लागतं आणि बघता बघता पांढरे गोळे एकीकडे, हिरवट पाणी दुसरीकडे! लिंबू लगेच थांबवा.

दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. प्रत्येकावर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. लिंबाचं आम्ल हा भार घालवून टाकतं. ढकलाढकली संपली की कण एकमेकांना चिकटतात, जाताना दुधातली चरबीही सोबत घेऊन जातात. उन्हाळ्यात दूध आपोआप नासतं तेव्हाही हेच होतं, फक्त तिथे आम्ल तयार करतात जिवाणू.

गोळे मलमलच्या फडक्यात गाळा आणि त्यावर गार पाणी ओता, म्हणजे लिंबाचा आंबटपणा निघून जाईल. हलकेच पिळा आणि पुरचुंडी अर्धा तास नळाला टांगा. पण पार कोरडा होईपर्यंत पिळू नका! थोडं पाणी आत राहायलाच हवं. का, ते पुढे कळेल.

छेना टांगलाय, तोवर एक गोड भांडण ऐका. कोलकात्याच्या बागबाजारातल्या नवीनचंद्र दास या हलवायाने 1868 साली हा स्पंजासारखा रसगुल्ला बनवला, असं बंगालमध्ये सांगतात. ओडिशाची मंडळी म्हणतात, छे! पुरीच्या जगन्नाथ मंदिरात रथयात्रा संपवून देव परत येतात, तेव्हा लक्ष्मीचा रुसवा काढायला रसगोलाच देतात, आणि ती प्रथा फार जुनी आहे. शेवटी 2017 मध्ये ‘बांगलार रसोगोल्ला’ला आणि 2019 मध्ये ‘ओडिशा रसगोला’ला अशी दोघांनाही भौगोलिक मानांकनं मिळाली. रुसलेल्या देवीची समजूत काढणारी मिठाई दोन राज्यांत रुसवा करून बसली होती, ही मला मोठी गंमत वाटते.

चला, छेना निथळला. तो परातीत घ्या आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबत, पुढे सरकवत मळा. सुरुवातीला तो भुरभुरीत असतो, बोटांना कण लागतात. हळूहळू लोण्यासारखा मऊ होतो आणि तळहाताला किंचित तूपकट लागतो. तूपकट लागलं रे लागलं की थांबा. लिंबापेक्षा लहान गोळ्या वळा. चीर एकही राहू देऊ नका, नाहीतर गोळी पाकात तिथूनच फुटते.

एका गोळीची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवा.

आता मोठ्या पातेल्यात दीड वाटी साखर आणि सहा वाट्या पाणी खळखळ उकळवा. त्यात गोळ्या सोडा आणि वर झाकण ठेवा. साधारण पंधरा मिनिटांनी झाकण काढलं की गोळ्या टम्म फुगलेल्या!

आपला गुन्हेगार सापडला: वाफ. छेन्यात आपण मुद्दाम ठेवलेलं पाणी उकळायला लागतं आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते. ती बाहेर पडायची धडपड करते, पण मळून एकजीव झालेलं केसीनचं जाळं तिला सहज सोडत नाही. ते जाळं ताणलं जातं आणि जागोजागी पोकळ्या होतात. पुरी फुगते ती याच वाफेमुळे, पण तिथे एकच मोठा फुगा होतो; इथे असंख्य छोटे. शिवाय गरम झालेली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून गोळी विरघळत नाही.

पाक पातळच का? घट्ट पाक गोळीतलं पाणी बाहेर ओढून घेतो, मग ती आकसते. म्हणून उकळताना पाक दाट व्हायला लागला की हलवाई त्यात गरम पाणी शिंपडतात.

आता पट्टी आणा. समजा 3 सेंटिमीटरची गोळी 4 सेंटिमीटरची झाली. एवढंच? थांबा, गणित करा. 3×3×3 म्हणजे 27, आणि 4×4×4 म्हणजे 64. गोळीने व्यापलेली जागा दुपटीहून जास्त झाली!

लगेच ताव मारू नका हं. रसगुल्ले पाकातच निवू द्या. थंड होताना आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, पोकळ्यांमधली जागा मोकळी होते आणि बाहेरचा पाक तिथे शोषला जातो. खरं वाटत नसेल तर एक गरमागरम कापा, दुसरा चार तासांनी, आणि कुठल्यातून जास्त रस गळतो ते बघा.

आणि ते हिरवट पाणी मोरीत ओतलं नाहीत ना? तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. रात्रीच्या पोळ्यांची कणीक त्यातच भिजवायला सांगा.