प्रकाशाची पेटी

वसईच्या गांवांत आणि नालासोपारा-विरारच्या दाट वस्तींत आज कितीतरी घरांतून हातानें वस्तू तयार होत आहेत. कोणी भगिनी क्रोशाच्या सुईनें रुमाल विणते, कोणी मण्यांचीं कर्णभूषणें गुंफते, कोणी राख्या करते, कोणी पणत्या रंगविते. नाताळ जवळ आला म्हणजे ख्रिस्ती वस्तींत गोठ्याच्या देखाव्यासाठीं लहानसहान मूर्ति आणि चांदण्या करण्याची लगबग सुरू होते. पूर्वीं अशी वस्तु विकावयाची तर ती टोपलींत घालून बाजारांत न्यावी लागे. गिऱ्हाईक ती हातांत घेई, उलटून पाही, आणि मग किंमत विचारी. आतां पुष्कळदां वस्तूच्या आधीं तिचें चित्रच मोबाइलवरून गिऱ्हाइकाच्या घरीं जातें. तें चित्र हाच त्या वस्तूचा एकमेव साक्षीदार. साक्षीदार अडखळला म्हणजे खरा दावाहि बुडतो. त्याचप्रमाणें चित्र मळकट निघालें म्हणजे आठ दिवसांच्या कष्टानें केलेली सुबक वस्तु पडून राहते. म्हणून आज आपणांपुढें एका साध्या उपकरणाची माहिती ठेवीत आहें. किराणा मालाच्या दुकानांतील रिकामें खोकें आणि थोडा कागद एवढ्यावर तें घरच्या घरीं तयार होतें. त्याला आपण प्रकाशपेटी म्हणूं.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. घर म्हणजे बहुधा एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. भिंतींना हिरवा किंवा गुलाबी रंग, वर नळीचा दिवा, खिडकीला लोखंडी गज. अशा ठिकाणीं चटईवर ठेवून कर्णभूषणाचें चित्र घेतलें म्हणजे त्यावर गजांची सांवली पडते, चित्र घेणाऱ्याच्या हाताचीहि पडते, आणि भिंतीचा हिरवा रंग पांढऱ्या मण्यांवर चढतो. मोठ्या दालनांत भिंती दूर असल्यामुळें हा दोष फारसा जाणवत नाहीं. लहान खोलींत भिंत हातभर अंतरावर असते, आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश तिचा रंग बरोबर घेऊन येतो. मग साहजिकच वाटतें कीं, उजेड कमी पडला, आणि मोबाइलचा झगझगीत दिवा लावला जातो. त्यानें चित्र उजळतें खरें. परंतु मण्यावर डोळे दिपविणारा ठिपका उमटतो आणि मागें काळीकुट्ट सांवली पडते. तेव्हां उणीव प्रकाशाच्या प्रमाणांत नसून त्याच्या येण्याच्या रीतींत आहे.

ही रीति समजून घेण्यास प्रयोगशाळा नको. पौषांतील निरभ्र सकाळीं अंगणांत एक तांब्या ठेवून पाहा. त्याची सांवली चाकूनें कापल्यासारखी रेखीव पडेल. तोच तांब्या आषाढांत, आभाळ भरून आलें असतां, त्याच जागीं ठेवा. सांवली कोठें आहे हें शोधावें लागेल. सूर्य वास्तविक प्रचंड आहे. पण तो सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर असल्यानें आकाशांत लहानशा चकतीएवढा दिसतो, आणि हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड सहज झांकतो. एका लहान जागेंतून येणारा प्रकाश वस्तूच्या एका अंगावर पडतो आणि दुसरें अंग अंधारांत टाकतो. ढग आले म्हणजे तोच प्रकाश त्यांच्यांत विखुरतो आणि सबंध आकाश दिव्याचें काम करूं लागतें. यावरून नियम असा निघतो कीं, प्रकाश देणारा पृष्ठभाग वस्तूकडून पाहिला असतां जितका मोठा दिसेल तितकी सांवली मृदु. लहान खोलीचा येथें फायदाच होतो. कर्णभूषणासारख्या लहान वस्तूच्या शेजारीं ठेवलेला वीतभर कागददेखील तिच्या दृष्टीनें आभाळाएवढा मोठा असतो.

हें तत्त्व छायाचित्रकारांना जुनेंच आहे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, तेव्हां विजेच्या दिव्यांचा प्रचार नव्हता. त्या काळचे छायाचित्रकार कांचेच्या छपराखालीं माणसाला बसवीत आणि ऊन प्रखर झालें कीं, वर पांढरे पडदे ओढीत. आपल्या घरींहि हेंच तत्त्व दर दिवाळीला दारांत टांगलेलें असतें. आकाशकंदिलाच्या आंतील दिवा उघडा असला तर केवळ एक बिंदु चमकतो. तो कागदाआड गेला कीं, सबंध कंदील उजळतो; कारण कागदाच्या तंतूंवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि कागद हाच जणूं दिवा होतो. प्रकाशपेटी म्हणजे उलटा आकाशकंदील होय. कंदिलांत दिवा आंत आणि पाहणारे बाहेर. पेटींत दिवे बाहेर आणि पाहावयाची वस्तु आंत.

आतां कृति सांगतों. लांबी, रुंदी आणि उंची सुमारें १६ इंच असलेलें एक पुठ्ठ्याचें खोकें घ्यावें. त्याचें उघडें तोंड आपल्याकडे येईल असें तें आडवें ठेवावें. डावी, उजवी आणि वरची अशा तीन बाजूंवर, कडेनें दोन-दोन इंच पुठ्ठा राखून, १२ इंचांचे चौकोन आंखावे आणि ते कापून काढावे. कडेचा पुठ्ठा राखला नाहीं तर खोकें लुळें पडतें. या तिन्ही खिडक्यांवर बाहेरून पांढरा बटर पेपर ताणून चिकटवावा. पतंगी कागदहि चालेल, मात्र तो शुभ्र पाहिजे; रंगीत कागद आपला रंग वस्तूला देतो. पावसाळ्यांत आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेनें कागद सैल पडून त्यावर सुरकुत्या येतात. अशा वेळीं जुन्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा ताणून लावला तर तो अधिक टिकतो. खोक्याची आंतील उरलेली बाजू तपकिरी राहूं देऊं नये. तिच्यावर पांढरा कागद डकवावा.

यानंतर पार्श्वभूमि. दुकानांत मिळणारा २२ इंच रुंद आणि २८ इंच लांब असा पांढरा कार्डशीट आणून तो खोक्याच्या आंत सैलसर बसेल इतका, म्हणजे साडेपंधरा इंच रुंद कापावा. लांबी तशीच ठेवावी. त्याचें एक टोंक मागील भिंतीवर उंच चिकटवून दुसरें टोंक पुढें जमिनीवर येऊं द्यावें. मध्यें त्याला घडी न घालतां आपोआप बांक येऊं द्यावा. भिंत आणि जमीन यांचा सांधा असा नाहींसा झाला म्हणजे चित्रांत वस्तूच्या मागें आडवी रेघ येत नाहीं, आणि पाहणाऱ्याची दृष्टि वस्तूवरच राहते.

दिवे दोन घ्यावे, एकाच कारखान्याचे आणि एकाच जातीचे. ९ वॅटचे एलईडी पुरतात. तारेचे जुने बल्ब कागदाजवळ लावूं नयेत; ते फार तापतात आणि कागद करपण्याची, पेटण्याची भीति असते. एक दिवा डावीकडे, एक उजवीकडे, कागदाच्या बाहेर ठेवावा. अंतराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिवा कागदापासून अवघ्या ३ इंचांवर असला तर खिडकीचा मध्यभाग लखलखतो आणि तिच्या कडेला मध्याच्या पंचमांशाहूनहि कमी उजेड पोंचतो. म्हणजे कंदील न होतां पुन्हां उघडा दिवाच झाला. तोच दिवा १२ इंच दूर नेला तर कडेला मध्याच्या सुमारें ७० टक्के उजेड मिळतो आणि सबंध कागद उजळतो. एकंदर प्रकाश कमी होतो हें खरें. परंतु कॅमेरा स्थिर असला तर त्याची भरपाई होते.

कॅमेरा स्थिर ठेवण्याविषयीं एक उदाहरण देण्यासारखें आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत एक वाटाणा पेरून, त्याच्यापुढें कॅमेरा बसवून, महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रें घेतलीं आणि त्यांतून लहानसा चित्रपट केला. आपल्याला महिनाभर थांबावयाचें नाहीं. पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेंकून ठेवावा आणि बटण दाबल्यानंतर कांहीं सेकंदांनीं चित्र घेण्याची त्यांतील सोय वापरावी, म्हणजे हाताचा कंप चित्रांत येत नाहीं. मोबाइल वस्तूच्या फार जवळहि नेऊं नये. जवळून घेतलेल्या चित्रांत वस्तूचा पुढील भाग फुगलेला आणि मागील आक्रसलेला दिसतो. थोडें मागें सरून भिंगाची दुप्पट वाढ वापरली तर आकार खरा येतो.

चित्र घेतांना खोलींतील वरचा दिवा मालवावा आणि खिडकीचा पडदा ओढावा. जुन्या तारेच्या बल्बाचा प्रकाश तांबूस, सुमारें २,७०० केल्विनचा. एलईडीचा दिनप्रकाश सुमारें ६,५०० केल्विनचा, निळसर. दोहोंची मिसळ झाली कीं, वस्तु एका अंगानें पिवळी आणि दुसऱ्या अंगानें निळी येते. वीज गेली तर पेटी खिडकीपाशीं न्यावी आणि समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. उत्तरेची खिडकी यास उत्तम समजतात. मात्र आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मध्यान्हीं डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. त्या दिवसांत उत्तरेकडूनहि ऊन येऊं शकतें, म्हणून कागद लावलेलाच असावा.

एवढें केल्यावरहि पांढरी पार्श्वभूमि चित्रांत करडी आलेली पाहून पुष्कळजण निराश होतात. त्यांत पेटीचा दोष नाहीं. कॅमेऱ्याची समजूत अशी असते कीं, समोरील देखावा सरासरीनें मध्यम करडा असावा. पुढें सगळें पांढरेंच दिसलें म्हणजे तो त्याला काळपट करतो. उलट वारली चित्राचें पाहा. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यामुळें आपल्या पालघर जिल्ह्यांतील ही कला जगभर पोंचली. गेरूच्या गडद भूमीवरील तें पांढरें चित्र कॅमेऱ्यापुढें धरलें कीं, तो गडद भूमि फिकट करून टाकतो. म्हणून पडद्यावर वस्तूला बोटानें स्पर्श करावा आणि तेथें दिसणारें सूर्याचें चिन्ह पांढऱ्या देखाव्यास किंचित् वर, गडद देखाव्यास किंचित् खालीं सरकवावें. सपाट चित्राला पेटीचीहि गरज नाहीं. तें उभें करून दोन्ही बाजूंनीं सारख्या अंतरावरून, तिरका प्रकाश द्यावा म्हणजे झालें.

कांहीं वस्तूंना निराळी वागणूक लागते. चकचकीत धातूचा दागिना आरशासारखा असतो. चोहोंकडे पांढरें असलें कीं, त्याच्या कडा पार्श्वभूमींत विरून जातात. पेटींत त्याच्या दोन्ही अंगांस काळ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या उभ्या कराव्या, म्हणजे त्यांचें प्रतिबिंब कडेवर पडून आकार स्पष्ट होतो. कांचेच्या बांगडीला प्रकाश मागून द्यावा. तो तिच्या अंगांतून येतो आणि रंग खुलतो. विणकामाला मात्र सर्व बाजूंचा सारखा प्रकाश मानवत नाहीं, टांके सपाट दिसतात. तेथें एक दिवा विझवावा, म्हणजे प्रत्येक टांक्याला हलकी सांवली मिळून वीण उठून दिसते.

श्रोतेहो, शेवटीं या सर्वांचा हेतु काय, तें सांगणें अवश्य आहे. चित्र वस्तूहून सुंदर करणें हा तो हेतु नव्हे. आज मोबाइलमध्यें रंग भडक करण्याच्या अनेक युक्त्या आहेत, आणि त्यांचा मोह पडतो. पण मोरपंखी म्हणून मागविलेली माळ घरीं येऊन फिकी निळी निघाली तर गिऱ्हाईक ती परत पाठवितें. येण्याजाण्याचा भुर्दंड बहुधा करणाऱ्यावरच पडतो, आणि त्याहून मोठी हानि म्हणजे विश्वास जातो. यासाठीं तयार झालेलें चित्र आणि प्रत्यक्ष वस्तु दिवसाउजेडीं शेजारीं धरून ताडून पाहावी. एका चित्रांत मापासाठीं १० रुपयांचें नाणें ठेवावें. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो आणि तें सर्वांच्या ओळखीचें आहे. वस्तूची मागील बाजू दाखवावी. हातकामांत कोठें गांठ किंवा रंगाचा फरक असेल तर तोहि दाखवावा. हाताची खूण लपविण्यासारखी नसते.

पेटीच्या उभ्या कडा कापून त्यांवर चिकटपट्टी लावली तर ती मिटून खाटेखालीं ठेवतां येते, आणि एका मजल्यावरील चारपांच घरांना एकच पेटी पुरते. राख्यांचे, पणत्यांचे, नाताळच्या चांदण्यांचे दिवस सुरू झाल्यावर ती करण्यास सवड मिळत नाहीं. म्हणून येत्या रविवारीं मुलांना हाताशीं घेऊन ती करावी.