डोक्यावरून येणारा आवाज

पडद्यावर विमान दिसते आणि त्याची घरघर चक्क तुमच्या डोक्यावरून मागे निघून जाते! छतावरील स्पीकरांची 'डॉल्बी ॲटमॉस' ही पद्धत २०१२ साली चित्रपटगृहांत आली आणि पुढे घरांतही शिरली. हीच करामत शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या कौलारू घरात करायची झाली तर? बाजारात बिनतारी स्पीकर मिळतात. तेव्हा ते वर टांगले की काम संपले, असे तुम्हांला वाटेल. पण आपले कान मोठे चोखंदळ परीक्षक आहेत.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी ऐकू येतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. मग आवाज बरोबर समोरून, डोक्यावरून किंवा पाठीमागून आला तर? तेव्हा तो दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. इथे उपयोगी पडतो तो कानाचा बाहेरचा वेडावाकडा भाग. त्याच्या घड्यांवर आपटून वरच्या आणि पुढच्या आवाजांत बारीक फरक पडतो.

हे पडताळून पाहा. मित्राला डोळे मिटून बसवा. किल्ल्यांचा जुडगा कधी समोर, कधी डोक्यावर, कधी मागे वाजवा आणि त्याची उत्तरे वहीत टिपा. मग त्याला दोन्ही कान बोटांनी हलकेच पुढे दुमडायला सांगून (कानाचे भोक मात्र उघडे राहू द्या) पुन्हा वाजवा. चुका वाढतील. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. मात्र जुडग्याऐवजी ढोल घेऊ नका. ढोलाच्या खर्ज आवाजाची तरंगलांबी काही मीटर असते. कानाच्या इवल्याशा घड्यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणूनच संचातला खर्जाचा मोठा डबा कोणत्याही कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

आता छताकडे पाहू. काही संचांतील स्पीकर जमिनीलगत बसून आवाज वर फेकतात आणि तो छतावर आपटून खाली येतो. स्लॅबच्या सपाट छताखाली हे ठीक जमते. पण कौलारू घरात वर आढे, दोन्ही बाजूंना उतरते वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात हे तुम्ही शिकला आहात. वहीत उतरते छप्पर काढून किरण आखा, म्हणजे आवाज तुमच्याकडे न येता भलतीकडेच जातो हे कळेल. तेव्हा इथे स्पीकर टांगलेलाच बरा. तो जाड वाशाला बांधावा, रिपेला नव्हे. आणि पडू नये म्हणून आणखी एक साखळी हवीच.

कौलांखाली उंदीर तारा कुरतडतात, त्यामुळे बिनतारी स्पीकर सोयीचा. (विजेची तार त्यालाही लागतेच, आणि ती वायरमनकडूनच ओढून घ्यावी!) रेडिओलहरी कौलांतून जातात, पण पत्र्यावरून परततात. म्हणून स्पीकर आणि संच यांच्या मध्ये पत्रा किंवा लोखंडी कपाट नको.

खरी अडचण वेगळीच आहे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठवायचा आणि पुन्हा जुळवायचा, यात वेळ जातो. साध्या ब्लूटूथमध्ये १५० मिलिसेकंदही सहज जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ५० मीटर जातो. म्हणजे वाशाला टांगलेला स्पीकर जणू शेतापलीकडच्या बांधावर नेऊन ठेवला! हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली दाखवले, की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर मेंदू आधी आलेल्याचीच दिशा खरी मानतो. विलंब फार वाढला तर दोन आवाज वेगळेच ऐकू येतात.

यावर उपाय गमतीचा आहे. उशिरा येणाऱ्याला घाई करता येत नाही. म्हणून इतरांना थांबवायचे. समजा, पडद्याजवळचा स्पीकर तुमच्यापासून ४ मीटर आणि टांगलेला २ मीटर अंतरावर आहे. आवाजाला मीटरभर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा आवाज १२ मिलिसेकंदांत येईल आणि वरचा ६ मध्ये. पण बिनतारी जोडणीने २० मिलिसेकंद खाल्ले, तर वरच्याला २६ लागतील. तेव्हा समोरचा आवाज १४ मिलिसेकंद रोखून धरला पाहिजे. ही सोय ॲम्प्लिफायरमध्ये असते. मोजपट्टीने अंतरे मोजून आकडे भरायचे. चित्र तेवढे पुढे गेले तरी डोळ्यांना कळत नाही. १५० मिलिसेकंदांचा फरक मात्र बोलणाऱ्याच्या ओठांवर लगेच दिसतो. म्हणून खास घरगुती चित्रपटासाठी बनवलेला, कमी विलंबाचा संचच घ्यावा.

एका गोष्टीवर मात्र कोणताही आकडा भरून भागत नाही. माळशेजकडचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला, की पातळ पत्रा थरथरतो आणि कानाला दिशा सांगणारे बारीक आवाज त्या ताशात बुडून जातात. मातीचे कौल जाड आणि वजनदार; थेंबांनी ते फारसे हलत नाही. श्रावणात चित्रपट पाहायचा झाला, तर पत्र्याच्या घरातल्या मित्राला कौलारू घरात बोलवा.